विमानांतील घरघर आणि कानांची निगा



ज्यांचें घर भिवंडीला आहे, त्यांना गोंगाट म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव यंत्रमागांवर वाढलें. माग चालूं असलेल्या कारखान्यांत शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तर त्याच्या कानाशीं तोंड न्यावें लागतें. अशा गांवांतील वडीलधारी माणसें मुलाकडे परदेशीं जावयास निघालीं, कीं 'विमानाच्या आवाजाचें काय एवढें?' असें सहज म्हणून जातात. आणि पंधरा तासांनीं न्यूयॉर्कला उतरतात तीं डोकें जड होऊन. मग परतीच्या वाटेसाठीं आवाज कमी करणारा हेडफोन घ्यावा असा विचार निघतो. दोन-तीन हजारांपासून तीस हजारांच्या पलीकडेपर्यंत किंमती पाहून गृहस्थ गोंधळतो. त्याचा हा गोंधळ थोडा कमी करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम आवाजाची जात ओळखूं. उडत्या विमानांत साधारणपणें ऐशीं ते पंचाऐशीं डेसिबल इतका आवाज असतो. इंजिनांचा आणि विमानाच्या अंगावरून वेगानें जाणाऱ्या हवेचा तो एकसुरी, खर्जांतला घोष असतो. यंत्रमागाच्या कारखान्यांत हाच आंकडा नव्वदाच्या वर, कित्येकदा शंभराच्या आसपास जातो. डेसिबल हें माप मात्र कापड मोजण्याच्या गजासारखें सरळ नाहीं. तीन डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति जवळजवळ दुप्पट होते, दहा वाढले कीं दसपट.

तेव्हां विमानाचा आवाज एका प्रवासांत कोणाला बहिरें करीत नाहीं. खरा धोका निराळाच आहे. त्या घरघरीवर मात करून गाणें ऐकूं यावें म्हणून आपण हेडफोनचा आवाज वाढवितों, आणि तो नकळत नव्वदाच्या घरांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें प्रौढ माणसानें ऐशीं डेसिबलचा आवाज आठवड्यांत चाळीस तास ऐकला तर चालेल. नव्वदाचा मात्र केवळ चार तास. मुंबई ते लंडन हा प्रवास साडेनऊ-दहा तासांचा. म्हणजे आठवड्याचा शिधा एका बैठकींत संपून वर दीडपट कर्ज होतें! घरघर कमी झाली तर गाणें हळू लावूनही पुरतें, हा या हेडफोनचा खरा उपयोग आहे.

ही युक्ति नवी नाहीं. एका ध्वनीच्या लहरीवर नेमकी उलटी लहर सोडली तर दोन्ही एकमेकींस खोडून काढतात, या तत्त्वावर पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ सालीं अमेरिकन पेटंट मिळालें. तत्त्व व्यवहारांत उतरावयास मात्र पुष्कळ वर्षें गेलीं. १९७८ सालीं झुरिकहून बोस्टनला परततांना अमर बोस यांना विमानांतले हेडफोन इंजिनाच्या आवाजापुढें निष्प्रभ वाटले, आणि त्यांनीं त्याच प्रवासांत या प्रश्नाचें गणित मांडावयास घेतलें. कलकत्त्याहून अमेरिकेस गेलेल्या बंगाली पित्याचे हे पुत्र एम. आय. टी. या संस्थेंत प्राध्यापक होते. १९८६ सालीं 'व्हॉयेजर' विमानानें न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या नऊ दिवसांच्या उड्डाणांत वैमानिकांजवळ त्यांच्या हेडफोनचे नमुने होते. पुढें १९८९ सालीं तो वैमानिकांसाठीं विक्रीस आला.

या हेडफोनांत सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि आंतील यंत्रणा त्याची उलटी लहर कानांत सोडते. हें काम खर्जाच्या, संथ आवाजावर उत्तम साधतें, कारण त्याची पुढची लहर कशी येईल याचा अंदाज बांधतां येतो. साधारण हजार कंपनांच्या वरचा तीव्र स्वर तिच्या हातीं फारसा लागत नाहीं. तो अडवावयास कानाभोंवतीं नीट बसणारी गादीच लागते. म्हणून मागच्या आसनावरचें तान्हें मूल रडूं लागलें आणि तें ऐकूं आलें, तर हेडफोन बिघडला असें समजूं नये.

आतां निवड कशी करावी तें पाहूं. खोक्यावर 'एएनसी' हीं अक्षरें आहेत ना, हें आधीं बघावें. स्वस्त मालावर पुष्कळदा 'ईएनसी' असें छापलेलें असतें. त्याचा अर्थ इतकाच, कीं फोनवर बोलतांना आपल्या भोंवतालचा गोंगाट समोरच्या माणसाला कमी ऐकूं जातो. आपल्या कानाला त्याचा कांहीं लाभ नाहीं. खोक्यावरील डेसिबलच्या मोठ्या आंकड्यालाही भुलूं नये. तो बहुधा एखाद्याच अनुकूल स्वरावर मिळालेला असतो. कान पूर्ण झांकणारा, हलका हेडफोन घ्यावा. चष्मा असेल तर चष्म्यासह घालून पाहावा, कारण चष्म्याच्या काडीजवळ राहिलेल्या फटींतून बराच आवाज आंत शिरतो. बॅटरी वीस तास चालावी, आणि ती संपल्यावर तारेनेंही ऐकतां यावें. विमानांतल्या पडद्याला बहुधा तारच लागते. जुन्या विमानांत दोन खुंट्यांचा जोड लागतो, तो जवळ ठेवावा.

घरबसल्या मागविलेला हेडफोन पुष्कळदा भिवंडीच्याच गोदामांतून निघालेला असतो. तो परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं घरींच परीक्षा घ्यावी. गाणें न लावतां, कूलर किंवा मोठा पंखा चालूं करून त्याच्याजवळ अर्धा तास बसावें. कळ दाबतांच घरघर स्पष्टपणें ओसरली आणि कान दुखले नाहींत, तर चार-पांच हजारांचा हेडफोनही प्रवासाला पुरेसा आहे.

तेवढाही खर्च नको असेल, तर औषधाच्या दुकानांत थोडक्या रुपयांना मिळणारे स्पंजाचे बोळे घ्यावेत. बोळा बोटांनीं वळून बारीक करावा, दुसऱ्या हातानें कान वर व मागें ओढावा, बोळा आंत सारावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानें धरून ठेवावा. नीट बसला तर वीस डेसिबलपर्यंत, कधीं अधिकही, आवाज कमी होतो.

येथें भिवंडीकरांस एक सूचना. विमानासाठीं घेतलेला हेडफोन मागावर बसणाऱ्या माणसाला देऊं नये. धोट्याचा आघात क्षणिक आणि तीव्र असतो. त्यावर उलट्या लहरीची मात्रा चालत नाहीं. तेथें बोळे किंवा कान घट्ट झांकणारे कारखान्याचे संरक्षकच हवेत. अतिगोंगाटानें अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या, कीं पुन्हां उगवत नाहींत. ही हानि बहुधा चार हजार कंपनांच्या आसपास सुरू होते. म्हणून आवाज ऐकूं येतो, पण 'स', 'श', 'फ' अशीं व्यंजनें पुसट होतात आणि शब्द निसटतात.

आयुष्य मागांजवळ गेलेले आजोबा फोनवर 'आवाज येतोय, पण बोलणें कळत नाहीं' असें म्हणूं लागले, तर त्यांच्या हेडफोनचा आवाज वाढवूं नका. प्रवासाच्या तयारींत त्यांच्या श्रवणाची तपासणी करून घेण्यासही एक दिवस ठेवा. इतक्या लांब जावयाचें तें नातवंडांचें बोलणें ऐकण्यासाठीं. मग तें नीट ऐकूं यावें, याची तजवीज निघण्यापूर्वींच झालेली बरी.