मुलाचे जगावेगळे नाव : नांदेड-लातूर परिसरातील नामकरणाचा सामाजिक अर्थ

प्रस्तावना :
नव्या शैक्षणिक वर्षाचा हजेरीपट हाती आला म्हणजे प्राध्यापकांना सामाजिक इतिहासाचे एक पान वाचावयास मिळते. विद्यार्थ्याचे नाव अर्णव, अथर्व किंवा विहान असते. वडिलांचे नाव बालाजी, संतोष किंवा सिद्धार्थ असते. आणि घरातील जुन्या कागदपत्रांत आजोबा-पणजोबांचे नाव सटवाजी, ग्यानोबा अथवा दगडू असे आढळते. यावरून पूर्वीची नावे केवळ परंपरेने चालत आलेली होती आणि मुलाला जगावेगळे नाव देण्याची हौस मात्र अलीकडची आहे, असा समज सहज होतो. हा समज अपुरा आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या परिसरात मुलाला मुद्दाम वेगळे नाव देण्याची रीत जुनीच आहे. पिढीगणिक बदलला तो त्यामागील हेतू. हेतू कोणताही असला तरी नावाचा भार ते ठेवणाऱ्याला नव्हे, तर ज्याला ठेवले त्याला वाहावा लागतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाबींचे विवेचन केले आहे.

1. नामकरणाची रूढ चौकट :
नाव वेगळे ठरण्यासाठी आधी काहीतरी रूढ असावे लागते. हिंदू कुटुंबांत साधारणतः बाराव्या दिवशी बारसे होते, बाळाला पाळण्यात घालतात आणि आत्या त्याच्या कानात नाव सांगते. जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. उदाहरणार्थ, अश्विनी नक्षत्रासाठी चू, चे, चो, ला ही अक्षरे सांगितली जातात. प्रत्यक्ष व्यवहाराचे नाव मात्र बहुधा दैवतावरून येई. माहूरच्या दत्तस्थानामुळे दत्ता, माळेगावच्या खंडोबामुळे खंडू व मल्हारी, औंढ्यामुळे नागनाथ व नागोराव, परळीमुळे वैजनाथ ही नावे घरोघर दिसतात. लिंगायत समाजात बसवेश्वर व मन्मथस्वामी यांच्यावरून बसप्पा, मन्मथ अशी नावे ठेवली गेली. पिराजी हे हिंदू घरांतील नाव पिरांवरील श्रद्धेची साक्ष देते. नांदेड येथील शीख कुटुंबांत गुरू ग्रंथसाहिबातून निघालेल्या वचनाच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठरविले जाते. या चौकटीत नाव हे मुलाचे स्वतंत्र वैशिष्ट्य नसून कुळाशी, क्षेत्राशी व श्रद्धेशी त्याला जोडणारा धागा होते.

2. लपविणारे नाव :
या चौकटीबाहेरचे पहिले वेगळे नाव भीतीतून जन्मास आले. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे पुढील मुलाला दगडू, धोंडू, भिकाजी, कचरू, केरबा किंवा उकंडा असे नाव दिले जाई. दगडाला मृत्यू काय करणार, केराकडे दृष्ट कशाला वळणार, भीक म्हणून मागून आणलेले मूल दैव कशाला नेईल, असा यामागील विचार होता. सटवाजी हे नाव तर थेट सटवाईच्या, म्हणजे जन्मानंतर बाळाचे ललाट लिहिणाऱ्या देवतेच्या, हवाली केलेल्या मुलाचे होय. आज ओबडधोबड वाटणारे हे नाव त्या काळी आईबापांच्या हाती असलेला एक उपाय होते.

ही नावे मागे पडण्याचे कारण केवळ रुचिबदल हे नाही. नमुना नोंदणी योजनेच्या आकडेवारीनुसार 1971 मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे 129 अर्भके दगावत असत; 2020 मध्ये हे प्रमाण 28 पर्यंत आणि महाराष्ट्रात 16 पर्यंत खाली आले. मूल जगेल याची खात्री वाढली तशी त्याला लपविण्याची गरज सरली. तरीही ही नावे हीनतेचीच होती असे नाही. लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे विलासराव देशमुख यांच्या वडिलांचे नाव दगडोजीराव असे होते. 'जी' व 'राव' ही आदरार्थी पदे लागून असे नाव गावात मानाने मिरवू शकत असे. दगडोजीराव, विलासराव आणि पुढे अमित, रितेश व धीरज हा एकाच घरातील क्रम मराठवाड्यातील नामकरणाचा प्रवास थोडक्यात दाखवितो.

3. नाकारलेले आणि स्वीकारलेले नाव :
ज्यांना 'राव' हे पद कोणी लावीत नव्हते त्यांच्यासाठी दगडू या नावाचा अर्थ निराळा होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस दर्शविणारे, असावे असा दंडक आहे. त्यामुळे एकच नाव एका घरात दृष्टीवरचा उपाय होते, तर दुसऱ्या घरात जातीचा शिक्का. 'बलुतं' (1978) या आत्मकथनाने हा शिक्का मराठी वाचकांसमोर ठेवला. त्याचे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार असे होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर राहुल, सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, नागसेन, आनंद ही नावे मराठवाड्यातील वस्त्यावस्त्यांत आली. प्रारंभी ती गावाच्या कानाला अपरिचित होती. राशी, कुलदैवत वा गावची रूढी यांपैकी कशाचाही आधार न घेता आईवडिलांनी मुलासाठी निवडलेली ही नावे होती. मुलाला वेगळे नाव देणे ही येथे हौस नव्हती, तर ती प्रतिष्ठेची मागणी होती. पुढे यांपैकी राहुल, आनंद यांसारखी नावे सर्व समाजांत रुळली, तर नागसेनसारखी काही नावे आजही ऐकताक्षणी सामाजिक ओळख सांगतात. नाव बदलून जगण्याची दिशा जाहीर करण्याचे आणखी एक उदाहरण या परिसरातील प्राध्यापकांच्या नित्य परिचयाचे आहे. व्यंकटेश खेडगीकर यांनी संन्यास घेऊन स्वीकारलेले स्वामी रामानंद तीर्थ हे नाव नांदेड येथील विद्यापीठाला देण्यात आले आहे.

4. उठून दिसणारे नाव :
आजचे वेगळे नाव याच्या उलट दिशेने जाते. पूर्वी मूल नजरेत भरू नये म्हणून नाव निवडले जाई. आता ते नजरेत भरावे म्हणून निवडले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील एकूण जननदर 1.7 आहे. घरात एक किंवा दोनच मुले असल्यामुळे प्रत्येक नावावर अपेक्षांचे ओझे वाढते. 'वर्गात दुसऱ्या कोणाचे नसावे' ही आजच्या पालकांची पहिली अट असते.

या शोधात अर्थाकडे दुर्लक्ष होते. नामावलीच्या पुस्तिकांत आरव या नावाचा अर्थ 'शांत' असा दिलेला आढळतो. संस्कृतात मात्र 'आरव' म्हणजे आवाज, आरडाओरड. रेयांश म्हणजे 'सूर्याचा अंश' असे सांगितले जाते. परंतु 'रवि' आणि 'अंश' यांचा संधी 'रव्यंश' असा होतो. शिवाय, सर्वांनी एकाच वेळी एकाच पुस्तिकेतून वेगळेपण शोधल्यास वर्गात तीन आरव येऊन बसतात.

आणखी एक बदल भाषेच्या अंगाने लक्षणीय आहे. जुने नाव वयाबरोबर वाढत असे. बाळ्याचा बाळू, बाळूचा बाळासाहेब होई. खंडूचा खंडेराव होई. विहान किंवा कियान या नावांना राव, आप्पा, बा ही पदे सहजी चिकटत नाहीत. नाव कायम बालपणीच्याच रूपात राहते.

5. नाव आणि कागद :
आइसलँडमध्ये 1991 पासून नवी नावे मान्य करणारी समिती आहे. फ्रान्समध्ये 1993 च्या कायद्याने पालकांना निवडीची व्यापक मुभा मिळाली. भारतात मान्य नावांची अशी यादी नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये जन्माची माहिती 21 दिवसांत द्यावयाची असते. नाव ठरले नसल्यास ते नोंदणीनंतर 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि पुढे 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंदविता येते. म्हणजे घाई कायद्याची नसून घरची असते.

मात्र एकदा नोंदलेले नाव दीर्घकाळ पाठपुरावा करते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, पारपत्र, शासकीय नियुक्ती इत्यादींकरिता जन्मप्रमाणपत्र हाच आधार ठरविण्यात आला आहे. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांचे नाव महाराष्ट्रात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. रूढ नावाचे रोमन लेखन लिपिकाला सवयीने ठाऊक असते. अनोख्या नावाचे प्रत्येक कार्यालयात निराळे होऊ शकते. स्पर्धात्मक प्रवेशपरीक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरमध्ये एका अक्षराच्या फरकाचे मोल विद्यार्थ्यांना अर्ज भरताना कळते.

नावाचा कागद नातवालाही पुरतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राजभाषा उर्दू होती. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी दप्तरे पुन्हा वाचली गेली. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. ग्यानोबा, खंडू अशी परिचित नावे वाचणाऱ्याला ओळखता येतात; अपरिचित नाव मात्र संदिग्ध राहते. अशा वेळी पणजोबांच्या नावाचे वाचन पणतवाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न बनते.

6. निवडीचे निकष :
वरील विवेचनावरून काही व्यावहारिक निकष निघतात. नावाचा अर्थ पुस्तिकेवरून न घेता विश्वसनीय शब्दकोशात पाहावा. ते आजीला उच्चारता यावे आणि लिपिकाला एकदा सांगून लिहिता यावे. रोमन लेखन पहिल्याच दिवशी निश्चित करून सर्वत्र तेच ठेवावे. आणि मुलाला पुढे ते बदलावेसे वाटल्यास तो अपमान मानू नये. सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2021 च्या निर्णयात स्वतःच्या नावावरील अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला आहे. शासकीय राजपत्रात प्रसिद्धी देऊन नाव बदलण्याचा मार्गही उपलब्ध आहे.

समारोप :
मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका अक्षराचे अंतर आहे. मृत्यूला चुकविण्यासाठी ठेवलेला दगडू, जातीला नाकारण्यासाठी ठेवलेला सिद्धार्थ आणि गर्दीतून वेगळा दिसावा म्हणून ठेवलेला विहान हे तिघेही आईवडिलांच्या मायेतूनच आले. परंतु पहिल्या दोघांच्या नावांमागे गरज होती, तिसऱ्याच्या नावामागे निवड आहे. निवडीचे स्वातंत्र्य वाढले की जबाबदारीही वाढते. हजेरी घेताना अनोळखी नावाशी थांबून त्याचा उच्चार विद्यार्थ्यालाच विचारणे, हा या जबाबदारीतील अध्यापकाचा वाटा होय.