ठिणगीला किती व्होल्ट लागतात?

आमच्या एका विद्यार्थ्याकडे जुनी, पॉइंटवाली बुलेट आहे. सपाटीला बरी चालते. चढावर मात्र 'मिसिंग' मारते. 'करंट वीक आहे, चाळीस हजार व्होल्टची कॉइल टाका,' असे मेकॅनिकने सांगितले. मूळ कॉइल काढावी की ठेवावी, हे विचारायला तो आमच्याकडे आला.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यात जाड तारेचे काहीशे वेढे, तर दुय्यम वेटोळ्यात बारीक तारेचे त्याच्या साधारण शंभरपट. पॉइंट मिटलेले असताना प्राथमिक वेटोळ्यातून ३ अँपिअरच्या आसपास धारा वाहते. पॉइंट उघडले की धारा तुटते, चुंबकीय क्षेत्र ओसरते आणि फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या प्रवर्तनामुळे तेथे दोन-तीनशे व्होल्ट उत्पन्न होतात. दुय्यम वेटोळ्यात त्याच्या शंभरपट, म्हणजे वीस-तीस हजार!

पण प्रत्यक्षात एवढे क्वचितच होतात. विभवांतर शून्यापासून चढू लागते आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडली की तेथेच थांबते. उघड्या हवेत १ मि.मी. फटीला सुमारे ३ हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये वायू दाबलेला असल्याने बरेच जास्त लागतात. तरी एरवी दहा-पंधरा हजारांत भागते. फट व दाब तेच असतील तर चाळीस हजारांची कॉइलही तेवढ्यावरच थांबणार. डबीवरचा आकडा म्हणजे धरणाची उंची. पाण्याची आजची पातळी नव्हे.

मग चढावरच का अडते? थ्रॉटल जास्त उघडला की दाब वाढतो, जास्त व्होल्ट लागतात आणि कमी ऊर्जेची कॉइल तेथे उघडी पडते. मेकॅनिकची शंका अगदीच चुकीची नव्हती तर! आम्ही पॉइंट मिटलेले ठेवून मोजले : बॅटरीवर १२.४ व्होल्ट, कॉइलच्या टोकाशी जेमतेम १०. बाकीचे स्विच आणि एक गंजलेला जोड खात होते. कॉइलमधील ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा एक-पंचमांशाने घटली, तर ऊर्जा एक-तृतीयांशाहून अधिक घटते. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) जोड घासला, स्विच साफ केला, गाडी त्याच कॉइलवर चढ चढली.

नवी कॉइल निम्म्या रोधाची असती, तर धारा दुप्पट होऊन पॉइंट लवकर जळले असते. मूळ कॉइल बदलावी ती वेटोळे तुटल्यावर, किंवा तापली की बंद आणि थंड झाली की चालू, असा खेळ तिने मांडल्यावर. त्यासाठी मात्र आधी कंडेन्सर बदलून पाहावा. तोही हाच खेळ करतो आणि कॉइलपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.