कोयता गेला, लेकरं मागं राहिली



दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी आणि पाथर्डीकडच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, कुणी कर्नाटकात. पाच-सहा महिने निम्मं गाव रिकामं असतं. आज बोलायचं आहे ते या घरांतल्या लेकरांबद्दल.

आईपुढं दोनच वाटा असतात. बरोबर न्यावं तर शाळा सुटते. आईबाप पहाटेच फडात जातात. मग मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. दहा-बारा वर्षांचा पोरगा मोळ्या बांधू लागतो. कोपीला धड दार नसतं, कडी तर नसतेच. मागं ठेवावं तर घरी थकलेली आजी. तिनं कुठं कुठं बघायचं?

मग घरात बोलणं सुरू होतं, "पोर वयात आली, कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न लावून टाकू." त्यात उचलीचा हिशेब असतो. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला. पोराचं लग्न झालं की घरात नवा कोयता तयार होतो. पोरीच्या काळजीपोटी लावलेलं लग्न तिलाच पंधराव्या वर्षी फडात नेऊन उभं करतं. धोका टळत नाही, फक्त घर बदलतं. वर कोवळ्या वयातलं बाळंतपण.

कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लग्न लावणारे, ठरवणारे, त्यात सामील होणारे, सगळे त्यात येतात. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अक्षता पडायच्या आधी कळवलं तर न्यायालयाकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच ठरत नाही. म्हणून सुपारी फुटल्याचं कळताच बोला. मांडव पडल्यावर सगळंच अवघड होतं.

आता १०९८ बद्दल. हा नंबर पुष्कळजणींना पाठ आहे, पण लावायला हात धजत नाही. "पोलीस आईबापाला नेतील, लेकरू कायमचं आश्रमात टाकतील," अशी भीती असते. तर ऐका. फोन फुकट आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. आपलं नाव सांगायचं नसेल तरी चालतं. सांगायचं एवढंच: लेकरू कुठं आहे, वय अंदाजे किती, काय घडतंय. एकटं सापडलेलं, पळवलेलं, कामाला जुंपलेलं किंवा मारझोड होणारं लेकरू असेल, तर त्याला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं आणावं लागतं. समिती घरची चौकशी करते. आईबाप किंवा नातेवाईक नीट सांभाळू शकत असतील तर लेकरू घरीच द्यायचं, संस्था हा शेवटचा उपाय, असं कायदाच सांगतो.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट वेगळी आहे. तिथं २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. मुलगी असो की मुलगा, वय १८ च्या आत असेल तर ते बालकच. असं घडल्याचं माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. गावकीत बसून, पैसे देऊन हे मिटवता येत नाही. पोराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतात, होता होईल तो महिला अधिकारी घेते, आणि ती वर्दीत नसते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. नाव कुठंही छापता येत नाही.

लेकरू सरळ तोंडानं सांगेलच असं नाही. एकाएकी गप्प होणं, एखाद्या घरी जायला नको म्हणणं, झोपेत दचकणं, मोठ्या वयात अंथरूण ओलं करणं, हातात अचानक पैसे किंवा मोबाईल दिसणं, यातलं काही दिसलं तर जवळ बसवा. "तू तिथं गेलीसच का?" हा प्रश्न मात्र विचारू नका. त्या एका प्रश्नानं तोंड कायमचं बंद होतं. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका आणि चारचौघींत बोलू नका.

आपल्या गटाला यात करण्यासारखं पुष्कळ आहे. टोळ्या निघायच्या आधीच्या बैठकीत मागं राहणाऱ्या लेकरांची यादी करा. कोण कुणाकडं राहणार ते लिहा, आईबापाचा आणि मुकादमाचा नंबर घ्या. शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडं वेळेत नोंदवा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, त्यांची चौकशी करा. आई किंवा बाप गेलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. ग्राम बालसंरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा.

आणि एक काम बिनखर्चाचं आहे. यादीतली दोन-दोन घरं एकेकीनं वाटून घ्या. आठवड्यातून एकदा जाऊन आजीशी बोला, पोरगी शाळेत गेली का ते बघा. या घराकडं कुणाचं तरी लक्ष आहे, हे गावाला दिसलं की वाकड्या नजरेचा माणूस दहादा विचार करतो.

नंबर पुन्हा सांगते: १०९८. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.