लुआखमधली तारीख आणि अलिबागची ओहोटी



मी राहतो ते मॉरिसव्हिल गाव नॉर्थ कॅरोलायना राज्यात, समुद्रापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. जवळच क्रॅबट्री नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठाने, पाइनच्या सावलीतून मी रोज सकाळी चालतो. वाट चांगली आहे, माती तांबडी आहे, बसायला बाकंही आहेत. पण तळ्याला भरती-ओहोटी नाही. त्यामुळे घड्याळाकडे किंवा चंद्राकडे न बघता केव्हाही निघता येतं. अलिबागला असं चालत नाही, आणि हे मी सत्तरी जवळ आल्यावर पुन्हा शिकलो.

मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला पाणी हटलं की वाळू आणि खडकांवरून पायी जाता येतं. शिवाजी महाराजांनी 1680 साली या बेटावर किल्ला बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी तो पुरा केला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. आत गणपतीचं देऊळ आहे, तटावर इंग्रजी तोफा आहेत, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर आहे. ती विहीर बघत मी रेंगाळलो. परत निघालो तेव्हा मधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरलं होतं. गुडघ्यापर्यंत आलं, चपला हातात, पायाखाली शेवाळ. शेवटी एका घोडागाडीवाल्याने वर घेतलं. तो एवढंच म्हणाला, "काका, तिथी बघून यायचं ना!"

तेव्हा बाबा आठवले. बाबा तिथी बघत नसत, लुआख बघत. आपले महिने चंद्राचे. रोश होदेश म्हणजे नवा चंद्र, पंधरावी तारीख म्हणजे पौर्णिमा. कोळी लोक तिथीवरून जो हिशेब करतात, तोच आपल्या इब्री तारखेवरून करता येतो. तो असा:

लुआखमधली त्या दिवसाची तारीख घ्यावी. पंधराच्या पुढची असेल तर तिच्यातून पंधरा वजा करावेत. उरेल त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. तीत साधारण सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, म्हणून हीच वेळ पहाटेची आणि दुपारचीही धरावी.

उदाहरण घ्या. चार तारीख असेल तर चारची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती, सव्वानऊच्या सुमारास ओहोटी. आठ तारखेला सहा वाजता भरती, दुपारी बाराच्या पुढे ओहोटी. यामागचं कारण सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच लांबते. बोटांवर मोजायला पाऊण तास सोयीचा, म्हणून पाऊणपट. पंधराव्या तारखेपर्यंत थोडा फरक साठतो, तेव्हा त्या दिवशी भरती बाराच्या जवळ आणि ओहोटी सहाच्या आसपास धरावी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. रोश होदेश आणि पंधरावी यांच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर हटतं. आठवी आणि तेविसावीच्या आसपास भांगेची भरती असते. पाणी चढतं कमी, हटतंही कमी, आणि किल्ल्याची वाट नीट उघडी पडत नाही. म्हणून आपल्या वयाच्या माणसांनी महिन्याची तीन ते पाच आणि अठरा ते वीस या तारखा निवडाव्यात. ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान असते, ऊन चढलेलं नसतं आणि पाणीही बरंच दूर असतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरावं. विहिरीपाशी रेंगाळू नये! चंद्र आणि लुआख यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारावंच. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये.

किल्ला झेपत नसेल तर किनारा आहे. अलिबागहून उत्तरेला वरसोली, थळ, नवगाव, किहीम अशी गावं ओळीने लागतात. ओहोटीला ओली वाळू घट्ट होते आणि गुडघ्यांना बरी पडते. भरतीला मात्र वरच्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढावे लागतात. थळहून समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. नवगावला आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जे वाचले नाहीत त्यांना तिथेच पुरलं. त्या कबरस्तानात थोडं थांबावं. किहीमचं नाव तर हाईम शमुवेल किहीमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासाबरोबर जगभर नेलं. त्यांनी तो ग्रंथ 1897 मध्ये लिहून पुरा केला, पण तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवला.

दक्षिणेला रेवदंड्याला बेथ एल मशीद आणि पोर्तुगीजांचा जुना कोट आहे. पलीकडे कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी कोर्लई. तिथला डोंगर चढणीचा आहे, खालूनच बघावा.

आणि आतल्या बाजूला, शेतांमधून, खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा खडक. रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात तो. तू बिश्वातला तिथे मलिदा होतो. तू बिश्वात म्हणजे शवातची पंधरावी, म्हणजे उधाण! मलिदा खाऊन, विसावा घेऊन चारच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर यावं. पाणी हटत असतं, वाळू लांबवर उघडी होत असते. अंधारायच्या आत घरी.

बाबांना हे सगळं कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. मीही त्यांना नीट विचारलं नाही. गावी होतो तोवर गरज वाटली नाही, आणि गरज वाटली तेव्हा विचारायला ते नव्हते. आता मॉरिसव्हिलला सकाळी तळ्याभोवती फिरताना नातवाला विचारतो, "आज लुआखची तारीख काय? मग अलिबागला भरती किती वाजता?" तो बोटांवर मोजतो, कधी चुकतो. परवा बरोबर सांगितलं आणि विचारलं, "आजोबा, आपण जाणार कधी?"

तुमच्यापैकी ज्यांची नातवंडं कधीतरी त्या वाळूवर उतरणार असतील, त्यांनी त्यांना ही पाऊणपट शिकवून ठेवावी.