गोळी न झाडण्याची शिस्त

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली. त्या युद्धात इथली जमीन आणि इथले जवान दोन्ही परक्यांच्या हुकमावर जुंपले गेले. पुढच्याच दशकात भारतीय पलटणी कोरियात गेल्या, त्या मात्र स्वतःच्या सरकारच्या निर्णयाने. आणि लढायला नव्हे, तर युद्धकैदी सांभाळायला. 27 जुलै 1953 च्या युद्धविरामानंतर तिथे गेलेल्या ‘कस्टोडियन फोर्स इंडिया’चे प्रमुख होते कोल्हापूर भागातले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. लढाई संपल्यावरची राखणदारी म्हणून हे काम आपल्याकडे दोन ओळींत उरकलं जातं. प्रत्यक्षात सैनिकाच्या शिस्तीचा कस तिथे लढाईपेक्षा जास्त लागला.

सुरुवातच अडचणीची होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असं बजावलं, म्हणून इंचॉन बंदरातून जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी सहा हजारांच्या आसपास भारतीयांच्या ताब्यात आले. तारेच्या कुंपणाआड सत्ता चाले ती कैद्यांच्या म्होरक्यांची. परत जाऊ पाहणाऱ्याच्या जिवाला आतच धोका. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि त्याला सोडवून आणलं. हा माणूस 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या रणात डीएसओ हे शौर्यपदक मिळवलेला होता. शस्त्र चालवण्याचं धाडस त्याच्याकडे होतंच. इथे ते आवरण्याचं लागलं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संयम कायम टिकला नाही; ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार झाला आणि काही कैदी मारले गेले. हे खरंच आहे, आणि ते झाकून या दलाचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण कुंपण तोडायला निघालेल्या हजारोंसमोर अशी वेळ क्वचितच यावी, हेही तितकंच बोलकं आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक कैद्याला मायदेशाच्या प्रतिनिधीने समजावायचं आणि मग त्याने स्वतः निवड करायची, असा करार होता. पण बहुसंख्य कैदी समजावणीच्या तंबूपर्यंत पोचलेच नाहीत, आणि जानेवारी 1954 मध्ये त्यांना ज्यांनी पकडलं होतं त्यांच्याच ताब्यात परत द्यावं लागलं. मग साधलं काय? करार फसला तो दोन्ही बाजूंच्या हट्टामुळे; पहारेकऱ्याच्या हाती तो पार पाडणं नव्हतं. कैद्यांना जबरदस्तीने तंबूत नेलं असतं तर रक्तपात अटळ होता आणि युद्धविरामही धोक्यात आला असता. दोन्ही बाजूंचा रोष पत्करून युद्धविराम टिकू देणं, हेच या दलाचं यश.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनांमधल्या भारतीय जवानांचा आज आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यात कोरियाचं आणि थोरातांचं नाव आधी यायला हवं.