पदवी आणि उपचाराचा अधिकार

मानसशास्त्रात एम. ए. झालेली व्यक्ती मनोरुग्णांवर उपचार करू शकते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. ग्रंथांतून मिळविलेले ज्ञान आणि रुग्णासमोर बसण्याची पात्रता यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कमी व्हावे म्हणून बंगळूर येथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेने १९५५ मध्ये वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू केली. १९७४ मध्ये ही संस्था तेथील राज्य मनोरुग्णालयाशी एकरूप होऊन ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे पदविकेची जागा दोन वर्षांच्या एम. फिल.ने घेतली. या काळात विद्यार्थी रुग्णाचा पूर्ववृत्तान्त नोंदवितो, मानसिक चाचण्या घेतो, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली उपचार शिकतो आणि त्याच वेळी स्वतःचे संशोधन करून प्रबंधही लिहितो. अशा मान्यताप्राप्त प्रशिक्षणानंतरच भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होऊ शकते. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. बंद केली, या शाखेला मात्र त्याने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. रुग्णसेवेला अशा प्रशिक्षित व्यक्तींची असलेली निकड हेच त्याचे कारण होय.