सोड्यातले पॅलेडियम
(लेखांक सातवा)

अकिरा सुझुकी व नोरिओ मियाउरा यांनी १९७९ साली जगापुढे मांडलेली आणि सुझुकींना २०१० च्या नोबेल पारितोषिकात हेक व नेगिशी यांच्यासमवेत वाटा मिळवून देणारी जोडणी-अभिक्रिया आपण गेल्या लेखांकात पाहिली. एका बेंझिन-वलयावर ब्रोमीन, दुसऱ्यावर बोरॉनिक आम्लाचा गट, आणि त्या दोहोंचा सांधा जुळवून देणारे पॅलेडियम, असा तो मामला होता. आज ही अभिक्रिया पाण्यात आणि मायक्रोवेव्हच्या उष्णतेवर कशी घडवितात, आणि तिच्या यशाचे श्रेय कोणाच्या खाती जमा करावे, याची शहानिशा करू.

सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत म्हणून रसायनज्ञ पाण्याला सहसा दूर ठेवतात; परंतु बोरॉनिक आम्लांना पाण्याचे वावडे नाही. निकोलस लेडबीटर व मारिया मार्को यांनी नेमका याच गोष्टीचा लाभ घेतला. जाड काचेच्या बंद कुपीत पाणी, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड आणि शेकडा अर्ध्या रेणूहूनही कमी पॅलेडियम ॲसिटेट एवढेच घेऊन, महागड्या फॉस्फिनांना पूर्ण फाटा देऊन, त्यांनी १५० अंशांवर अवघ्या पाच मिनिटांत अभिक्रिया तडीस नेली. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. बंद कुपीत मात्र ते १५० अंशांवरही द्रवरूपच राहते, त्या वेळी वाफेचा दाब वातावरणाच्या पावणेपाच पट होतो, आणि पाण्याचा विद्युत्-अपार्यता स्थिरांक ८० वरून सुमारे ४४ पर्यंत उतरल्यामुळे एरवी त्याच्याशी फटकून वागणारे सेंद्रिय रेणूही त्यात थोडेबहुत मिसळू लागतात.

मायक्रोवेव्हचे विद्युत्-क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा आंदोलते. त्याच्या तालावर वळू पाहणारे पाण्याचे रेणू आणि सोड्याचे आयन परस्परांवर आदळून उष्णता निर्माण करतात, त्यामुळे तेलाच्या कढईत बुडविलेल्या चंबूप्रमाणे भिंतीपासून आत तापण्याची वाट पाहावी लागत नाही. १९८६ साली घरगुती भट्टीत अभिक्रिया वेगाने घडल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यापासून या लहरींच्या अंगी उष्णतेपलीकडची काही गूढ शक्ती असल्याचा बोलबाला पुष्कळ झाला. माझ्या मते तो निराधार होता. कारण बंध तोडण्यास मोलमागे काही लाख जूल लागतात, आणि या लहरींची क्वांटम-ऊर्जा मोलमागे जेमतेम एक जूल भरते. ग्राट्स येथील ऑलिव्हर काप्पे यांनी सिलिकॉन कार्बाइडची कुपी वापरून हा वाद बव्हंशी निकालात काढला: ही कुपी लहरी स्वतःच शोषून तापते, आतल्या द्रवापर्यंत पोहोचू देत नाही, आणि तरीही तपमान सारखे ठेवल्यास फलित तेच येते. सारांश, करामत तपमानाची.

श्रेयाचा दुसरा तंटा याहून मनोरंजक आहे. लेडबीटर व मार्को यांनी २००३ साली असे जाहीर केले की, पॅलेडियम मुळीच न घालताही ही जोडणी पाण्यात होते. रासायनिक जगतात खळबळ उडाली, कारण तोपर्यंतच्या विश्लेषणात त्या मिश्रणात धातूचा मागमूस लागला नव्हता. पुढे २००५ साली लेडबीटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीच अधिक सूक्ष्म तपासणीअंती आपला पूर्वीचा निष्कर्ष दुरुस्त करून प्रसिद्ध केला: बाजारात विकत मिळणाऱ्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होते, आणि दोन कोटी भागांत एक भाग इतक्या अल्प प्रमाणातही ते अभिक्रिया घडविण्यास पुरे होते. ज्याची नोंद दप्तरी नव्हती तोच कारभार पाहत होता! स्वतःच्याच गाजलेल्या शोधाची अशी फेरतपासणी करून निकाल उघडपणे फिरविणारे संशोधक विरळा, आणि मूळ शोधाहून ही दुरुस्तीच मला अधिक मोलाची वाटते.

प्रयोगशाळेत ही अभिक्रिया करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी सोड्याच्या बाटलीवरचा बॅच नंबर नोंदवहीत अवश्य उतरवून ठेवावा, पॅलेडियमच्या पूर्वीच्या प्रयोगांत वापरलेली चुंबकीय कांडी पुन्हा घेऊ नये. आणि दाबमापक नसलेल्या घरगुती मायक्रोवेव्हमध्ये बंद कुपी कदापि ठेवू नये.